एवढं हेल्मेट असताना मेंदूला इजा होतेच कशी?

अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा बघणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. एवढं जाडजूड हेल्मेट, तोंडापुढे जाळी, तरी डोक्याच्या दुखापतींची बोंब कशाला? तर हेल्मेटचं काम कवटी फुटू न देणं, आणि ते काम ते चोख करतं. पण मेंदू कवटीला चिकटलेला नसतोच, तो द्रवात तरंगत असतो, त्यामुळे एसटीने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे जातात तसं डोकं जागच्या जागी थांबलं तरी मेंदू थांबत नाही. त्यात टक्कर तिरकी बसून डोकं गर्रकन फिरलं तर अजूनच वाईट, कारण मेंदू मऊ, तो आतल्या आत पिळवटतो आणि चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. तिथे हेल्मेट काय करणार!

माईक वेबस्टरचंच बघा. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, म्हणजे प्रत्येक प्लेला बॉल मागे द्यायचा आणि लगेच समोरच्या धिप्पाड माणसाला भिडायचं. चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकले, पण रिटायर झाल्यावर डोकं पार बिघडलं, कधीकधी गाडीतच झोपायचा, आणि 2002 मध्ये 50 व्या वर्षी गेला. शवविच्छेदन केलं बेनेट ओमालू या मूळच्या नायजेरियन डॉक्टरांनी. मेंदू बाहेरून अगदी नॉर्मल दिसत होता, तरी त्यांनी तो ठेवून घेतला, पातळ चकत्या करून रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघितल्या तर आत टाऊ नावाच्या प्रोटीनचे गुंते. हाच तो सीटीई, म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, डोक्याला वारंवार धक्के बसून होणारा मेंदूचा आजार. 2005 मध्ये पेपर आला तेव्हा एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, मेंदूच्या दुखापतींवरच्या कमिटीतले डॉक्टर म्हणाले पेपर मागे घ्या, आणि त्या कमिटीचे प्रमुख बरीच वर्षं कोण होते, तर संधिवाताचे डॉक्टर! फुटबॉल आणि सीटीईचा संबंध लीगच्या अधिकाऱ्याने उघडपणे मान्य केला तो थेट 2016 मध्ये.

बोस्टनच्या संशोधकांनी 2017 मध्ये एनएफएल खेळलेल्या 111 जणांचे मेंदू तपासले, 110 मध्ये सीटीई निघाला. आकडा हादरवणारा आहे, पण हे मेंदू दान केलेले होते, आणि त्रास दिसला म्हणूनच बऱ्याच घरच्यांनी ते दिले, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे लागू होत नाही. मला त्याच ग्रुपचा नंतरचा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो: खेळण्याच्या साधारण दर 2.6 वर्षांमागे धोका दुप्पट. म्हणजे टीव्हीवर स्लो मोशनमध्ये दाखवतात तो एखादा मोठा दणका एवढाच प्रॉब्लेम नाही, लाइनमनला, म्हणजे वेबस्टरसारखं प्रत्येक प्लेला समोरच्याला भिडणाऱ्याला, रोज बसणारे ते बारीक धक्के, ज्यांनी चक्करसुद्धा येत नाही, ते वर्षानुवर्षं साठत जातात.

2022 मध्ये मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) टुआ टागोवायलोआ डोकं आपटून मैदानात लडखडला तरी परत खेळला, चार दिवसांनी पुढच्याच मॅचमध्ये स्ट्रेचरवरून गेला, मग लगेच नियम कडक झाले: असा तोल गेलेला दिसला की त्या मॅचमध्ये परत खेळायचं नाही. चांगलंच झालं, पण जो लडखडतच नाही त्याला हा नियम पकडणार कसा? त्यापेक्षा लीग आणि खेळाडूंच्या 2011 च्या करारात सीझनमधल्या पॅड घालून करायच्या प्रॅक्टिस फक्त 14 वर आणल्या, ते माझ्या मते जास्त कामाचं, कारण त्यात धक्केच कमी होतात.