शरीर हवे, माणूस नको

चहाच्या कपात चमचा सावकाश फिरत राहतो, कडेला घासल्याचा बारीक आवाज येत राहतो आणि समोर बसलेल्या क्रिस या कृष्णवर्णीय तरुणाचे हातपाय हळूहळू त्याचे ऐकेनासे होतात. डोळे उघडे आहेत, गालांवरून अश्रू ओघळत आहेत. पण मनाने तो एका काळ्या पोकळीत खोल खाली चालला आहे आणि समोरची खोली त्याला दूर वर, टीव्हीच्या पडद्याएवढ्या चौकटीत दिसते आहे. जॉर्डन पील यांच्या ‘गेट आउट’ या २०१७ मधील अमेरिकी भयपटातला हा प्रसंग. चमचा फिरवणारी बाई त्याच्या गोऱ्या प्रेयसीची आई, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. वडील मेंदूचे सर्जन.

संमोहनाने एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध असे जखडून ठेवता येत नाही. त्यासाठी समोरच्याचे सहकार्य लागते. शुद्ध आहे पण शरीर हलत नाही, हा अनुभव मात्र अनेकांनी घेतलेला असतो. स्वप्ने पडतात त्या निद्रावस्थेत मेंदूच्या तळाचा भाग हातापायांचे स्नायू शिथिल करून टाकतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातून उठून पळत नाही. कधीकधी जाग आधी येते आणि ती शिथिलता मागे रेंगाळते. ओरडायचे असते, पण घशातून आवाज फुटत नाही. या काही क्षणांच्या घुसमटीला पील यांनी एका समाजाच्या अवस्थेचे रूप दिले आहे: सारे दिसते, कळते, पण आपल्याच देहावर आपली सत्ता नाही.

पुढे उलगडते ते असे, की हे कुटुंब कृष्णवर्णीयांची निरोगी शरीरे गोऱ्या गिऱ्हाइकांना विकते आणि शस्त्रक्रियेने गिऱ्हाइकाच्या मेंदूचा मोठा भाग त्या शरीरात बसवते. शास्त्र म्हणून हे टिकत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या एकट्या दृष्टिचेतेत सुमारे १० लाख तंतू असतात आणि मेंदू किंवा मज्जारज्जूतले तुटलेले तंतू पुन्हा पूर्ववत जोडण्याचा उपाय वैद्यकाकडे अजून नाही. पण माझ्या मते या चित्रपटाची खरी धास्ती शस्त्रक्रियेत नाहीच. ती बागेतल्या मेजवानीत आहे, जिथे एक पाहुणी क्रिसचा दंड दाबून पाहते, बाजारात जनावर पारखावे तशी, आणि तेही हसतमुखाने, कौतुकाने.

ही पारख पील यांच्या कल्पनेतून आलेली नाही. १८४० च्या दशकात अलाबामात मॅरियन सिम्स या डॉक्टरांनी गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुनःपुन्हा शस्त्रक्रिया केल्या; त्यांतल्या अनार्का, बेट्सी आणि लुसी या तिघींचीच नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. १९३२ पासून टस्कीगी येथे अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा आजार उपचाराविना कसा वाढतो याची नोंद ठेवली. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आला, तरी तो त्यांना दिला नाही, आणि हे १९७२ पर्यंत चालले. हे सारे जुने झाले म्हणावे, तर २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधाने दिली: काळ्या लोकांची त्वचा जाड असते, त्यांचे रक्त लवकर गोठते, अशा धर्तीची. सुमारे निम्म्यांना त्यांतले एखादे तरी खोटे विधान खरे वाटले. आणि अशा समजुती बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेचा अंदाज कमी बांधला. शरीर बळकट, म्हणून दुखणे कमी! मेजवानीतला तो कौतुकाचा हात आणि वेदनाशामक लिहून देताना आखडणारा हात, हे एकाच समजुतीचे दोन हात आहेत.

भीती शिकली जाते, हे मेंदूविज्ञान सांगते. अमिग्डाला हा मेंदूतला बदामाएवढा भाग एखाद्या खुणेची धोक्याशी सांगड घालतो. त्यासाठी स्वतःला इजा व्हावीच लागते असे नाही, दुसऱ्याला होताना पाहिली किंवा नुसती ऐकली तरी पुरते. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या भयपटात रात्रभर उठून चालू लागलेल्या प्रेतांशी झुंजून वाचलेला कृष्णवर्णीय नायक सकाळी सुटकेला आलेल्या गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीने मरतो. त्यानंतर जवळजवळ ५० वर्षांनी ‘गेट आउट’च्या शेवटी क्रिस रक्ताने माखून रस्त्यावर आहे, शेजारी त्याची गोरी प्रेयसी जखमी पडली आहे आणि दुरून पोलिसांच्या गाडीसारखे लाल-निळे दिवे जवळ येतात. एरवी भयपटात या दिव्यांनी सुटकेचा श्वास टाकायचा असतो. इथे क्रिस हात वर करतो आणि प्रेक्षकाच्या, मग तो कोणत्याही रंगाचा असो, पोटात गोळा येतो. पील यांनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ते खरोखरच पोलीस होते आणि क्रिस तुरुंगात जात होता. प्रदर्शित चित्रपटात गाडीचे दार उघडते, त्यावर ‘एअरपोर्ट’ असे लिहिलेले दिसते आणि आतून विमानतळाच्या सुरक्षेत काम करणारा त्याचा मित्र उतरतो.