पुसलेला डेटा खरंच कधी जातो? वितरित डेटाबेसमधल्या साफसफाईची पार्श्वभूमी

समजा, अनेक मशीनवर पसरलेल्या (वितरित) डेटाबेसमध्ये एका नोंदीच्या तीन प्रती तीन मशीनवर आहेत आणि ती पुसताना त्यातलं एक मशीन बंद होतं. ते परत सुरू झालं की त्याच्याकडची जुनी प्रत पाहून बाकीच्यांना वाटतं, ही आपल्याकडे यायची राहिली होती. ते ती निमूटपणे उतरवून घेतात आणि पुसलेली नोंद पुन्हा हजर.

१९८७ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या संशोधकांनी हा पेच नेमका मांडला. पुसलेल्या नोंदीच्या जागी त्यांनी वेळेचा शिक्का असलेला ‘मृत्यूचा दाखला’ ठेवला आणि तो इतर डेटासारखाच सगळीकडे पसरवला. दाखलेही साचतातच. म्हणून मुदत संपली की बहुतेक मशीनवरून ते काढायचे, मोजक्या ठिकाणी निद्रिस्त ठेवायचे. जुनी प्रत कुठून उगवली तर तो दाखला जागा होऊन पुन्हा पसरतो. इतक्या आधी इतका पुढचा विचार झाला होता, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

फेसबुकमध्ये जन्मलेल्या आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या कॅसँड्रा या वितरित डेटाबेसने हीच कल्पना ‘टूमस्टोन’ (थडग्यावरचा दगड) म्हणून घेतली. तिथली मूळ मुदत ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. तेवढ्यात सगळ्या नोडवर, म्हणजे मशीनवर, रिपेअर (प्रती ताडून सारख्या करणं) चालवलं नाही, तर टूमस्टोन जाऊन जुनी नोंद परत येऊ शकते. किती वेळ गेला हे घड्याळाला कळतं. टूमस्टोन सगळीकडे पोचला का, हे कळत नाही. म्हणून रिपेअर पूर्ण झाल्यावरच टूमस्टोन काढण्याचा, सिलाडीबी या कॅसँड्रासारख्याच डेटाबेसमधला पर्याय मला जास्त भरवशाचा वाटतो.

मागे उरणाऱ्या डेटाचा दुसरा प्रकार स्थलांतरातून, म्हणजे नोंदी एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवण्यातून येतो. कॅसँड्रात नवा नोड जोडला की जुन्या नोडवर आता त्यांच्या वाट्याला नसलेल्या नोंदी तशाच पडून राहतात. त्या पुसायला ‘नोडटूल क्लीनअप’ ही आज्ञा हाताने चालवावी लागते. मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्येही पूर्वी हलवलेला भाग पुसण्याचं काम फक्त मेमरीत नोंदलेलं असे. मध्येच सर्व्हर बंद पडला की काम विसरलं जाई आणि अनाथ डॉक्युमेंट, म्हणजे त्या सर्व्हरच्या वाट्याला आता नसलेल्या नोंदी, मागे राहत. २०२० च्या ४.४ आवृत्तीपासून हे काम डिस्कवरच्या कलेक्शनमध्ये (नोंदींच्या संचात) लिहिलं जातं, त्यामुळे मुख्य सर्व्हर, म्हणजे प्रायमरी, बदलला तरी नवा प्रायमरी ते पुढे नेतो. पुसण्याआधी मात्र ठरावीक मुदत (४.४ मध्ये मूळ ९०० सेकंद) थांबतात, कारण सेकंडरीवर, म्हणजे प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर, जुन्या क्वेरी (डेटा शोधण्याच्या विनंत्या) चालू असू शकतात. क्वेरी त्याहून लांबली तर तिला काही डॉक्युमेंट न सापडण्याचा धोका असतो, म्हणून अशा ठिकाणी ही मुदत वाढवून ठेवावी लागते.