नवऱ्याच्या छातीत दुखतंय? लॅबमध्ये येऊ नका, आधी हे वाचा

आमच्याकडे मिस्टरांचे रिपोर्ट न्यायला बहुतेक वेळा बायकोच येते आणि एकच विचारते, सगळं नॉर्मल आहे ना, म्हणजे हार्टचं टेन्शन नाही ना? म्हणून हे पत्रक खास तुमच्यासाठी.

आमचे रिपोर्ट धोका किती आहे ते सांगतात, अटॅक कधी येईल ते कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत आतून चरबीचा थर वर्षानुवर्षं साठत जातो, त्याचं काही दुखत नाही, मग एक दिवस तो थर फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि पुढचा रक्तपुरवठा बंद. फाटणारा थर बरेचदा फार मोठा पण नसतो, त्यामुळे महिन्याभरापूर्वीचा ईसीजी चांगला होता म्हणून निर्धास्त राहू नका.

आता लक्षणं. सिनेमात दाखवतात तसं छाती धरून कोसळणारे कमीच. जास्त करून छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, जड वाटतं, बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येत नाही, अख्खा तळवा छातीवर ठेवून सांगतात. ते दुखणं डाव्या हातात, खांद्यात, पाठीत, जबड्यात जाऊ शकतं, काहींना तर पोटाच्या वरच्या भागातच जळजळतं आणि मग गडी अँटासिड घेऊन आडवा होतो! सोबत थंड घाम, मळमळ, दम लागणं, चेहरा पांढराफटक, यातलं काही असेल तर अ‍ॅसिडिटी म्हणून सोडून देऊ नका. डायबेटिस असेल तर छातीत न दुखताही अटॅक येतो, नुसता दम आणि घाम, एवढंच.

आधी इशारा मिळतो कधी कधी. जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की पाच मिनिटांत बरं वाटतं, हे "वय झालं" म्हणून सोडायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. आणि तेच दुखणं बसल्या बसल्या व्हायला लागलं किंवा वाढत चाललं तर त्याच दिवशी.

दुखत असताना मिस्टर काय म्हणणार ते तुम्हाला माहितीये, काही नाही गं, गॅस आहे, सकाळी बघू. हा निर्णय त्यांच्यावर सोडू नका, कळकळीने सांगतो. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, त्यांना गाडी चालवू देऊ नका, जिने चढउतार करू देऊ नका. फोनवर डॉक्टर म्हणाले तर अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट (छातीदुखीवरची, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवू नका, बीपी एकदम खाली जाऊ शकतं, आणि त्यांनी सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा, म्हणजे लैंगिक ताकदीसाठीची) गोळी घेतली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना आधी ते सांगा, दोन्ही एकत्र झालं तर जिवावर बेतू शकतं. शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत.

अशा वेळी ट्रोपोनिन टेस्टसाठी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) आमच्याकडे येऊ नका! सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते, म्हणून हॉस्पिटलमध्ये काही तासांनी परत करतात, पहिला ईसीजीही कधी कधी साफ असतो. बंद झालेली वाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो.

आमच्याकडे या ते सगळं ठीक असताना. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत हार्टचा त्रास झाला असेल, सिगारेट किंवा तंबाखू असेल, बीपी 140/90 च्या वर जात असेल, पोट सुटलं असेल तर चाळिशीनंतर लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे रक्तातली चरबी) आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा. या दोन टेस्टना सहसा उपाशी यावं लागत नाही, फास्टिंग शुगर पण करायची असेल तर आठ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. बीपीची गोळी चालू असेल तर ती नेहमीच्या वेळेला घेऊनच या.