चासी त्यांची, बॉडी आपली : मॉडिंग टीममागचा इतिहास

चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत कंपनीची नुसती चासी येते आणि तिच्यावर बॉडी बांधून, बाकं बसवून, रंग देऊन लालपरी बाहेर पडते, हे मराठवाड्यात अनेकांना ठाऊक आहे. गेम मॉडिंगचं, म्हणजे तयार गेममध्ये आपले बदल जोडण्याचंही तसंच आहे; अशा बदलाला मॉड म्हणतात. इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, दुसऱ्याचं; त्यावरची गाडी, रस्ता, नियम आपले. लातूर-नांदेडकडची पोरं आज ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या मोबाइल गेममध्ये एसटी चालवतात. २०१७ साली आलेल्या या गेममध्ये बाहेर बनवलेली गाडी आणि लायव्हरी, म्हणजे गाडीवरची रंगसंगती, टाकता येते. पण एक गाडी नीट उभी करायची तर मॉडेल, टेक्स्चर, आवाज, चाचणी एवढं लागतं. एकट्याचं काम राहत नाही, टीम लागते.

अशा टीम जमू लागल्या त्या ‘डूम’मुळे. १९९३च्या डिसेंबरात आलेल्या या गेममध्ये त्याचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने नकाशे, चित्रं, आवाज इंजिनपासून वेगळ्या ‘वॅड’ फाइलमध्ये ठेवले होते. मूळ गेमला धक्का न लावता नवी फाइल जोडता येऊ लागली. काही महिन्यांतच चाहत्यांनी नकाशे बनवायचं साधन तयार केलं आणि इंटरनेटवरून एकमेकांना शोधून लोक गट करू लागले. त्यातल्या ‘टीम टीएनटी’ने ३२ नकाशांचा संच केला. १९९५मध्ये तो फुकट वाटायचा ठरला होता; ऐनवेळी ‘डूम’ची कंपनी आयडी सॉफ्टवेअरने तो विकत घेतला आणि १९९६ला ‘फायनल डूम’मध्ये विकला. वाट पाहणारे खेळाडू चिडले. टीमचं काम नेमकं कुणाचं, हा वाद तेव्हापासूनचा आहे. २०१५च्या एप्रिलमध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर ‘स्कायरिम’ या गेमची मॉड विकत द्यायचा प्रयोग झाला, तोही विरोधामुळे काही दिवसांतच गुंडाळावा लागला.

‘काउंटर-स्ट्राइक’ मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९च्या जूनमध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’ या गेमवरची ही मॉड बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, म्हणून बाहेर काढली. कच्चीच होती, पण खेळता येत होती. खेळाडू सांगत गेले, हे दुरुस्त करत गेले, बाहेरचे लोक नकाशे देऊ लागले. २०००मध्ये व्हॉल्व्हने ती स्वतःच्या नावाने विकायला आणली. आपल्याकडच्या नेट कॅफेंत एका पिढीने ती खेळली. तिची सुरुवात दोघांच्या मॉडमधून झाली हे फार थोड्यांना माहीत होतं.

‘ब्लॅक मेसा’ची तऱ्हा उलटी. ‘हाफ-लाइफ’ नव्याने बांधायचं एकच काम करणाऱ्या दोन टीम एकत्र आल्या, हट्ट परिपूर्णतेचा धरला. पहिलं रूप निघालं २०१२ला, तेही शेवटच्या भागाशिवाय. पूर्ण गेम २०२०ला आला. त्यांनी शेवटपर्यंत नेलं याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण नव्या टीमने हा रस्ता धरू नये असंच मी सांगेन. एवढी वर्षं बिनपगारी माणसं धरून ठेवणं फार थोड्यांना जमतं. ‘वॉरक्राफ्ट ३’ या गेमवरच्या ‘डोटा’ या मॉड-नकाशात तर सूत्रं एकाकडून दुसऱ्याकडे गेली, मूळ कर्ता बाजूला झाला तरी नकाशा जगला.

आमच्याकडे मात्र एक टीम अशीच संपलेली मी पाहिली. मॉडेल करणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, फाइल त्याच्याच लॅपटॉपमध्ये, तो फॉरमॅट झाला. भांडण कुणाचंच नव्हतं. फाइल दुसरीकडे ठेवायची आठवण करून देणारं माणूस नव्हतं, एवढंच. खरं तर टीमच्या पुढाऱ्याचं निम्मं काम हेच असतं. उरलेलं निम्मं म्हणजे कुणी काय केलं ते नावानिशी लिहिणं आणि दुसऱ्याचं मॉडेल विचारल्याशिवाय न वापरणं. बस मॉडच्या जगात सर्वांत जास्त मनं दुखावतात ती याच गोष्टीवरून.

त्यातलीच तीन पोरं आता पुन्हा बसली आहेत. शिवशाही, हिरकणी सगळं बाजूला ठेवून एकच साधी लालपरी घेतली आहे, पाटी ‘लातूर–नांदेड मार्गे अहमदपूर’. दार अजून नीट उघडत नाही. फाइल मात्र तिघांकडेही आहे.