बोटाएवढा मासा, दिवसभर गिऱ्हाइकं

डायव्हिंगला गेलेल्या माणसाला कासव दिसलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जाऊन आलेले बरेच जण कासवाबद्दलच भरभरून बोलतात. माझा आग्रह वेगळा आहे. प्रवाळाच्या एखाद्या उंचवट्याजवळ, कशालाही न टेकता, पाच मिनिटं एका जागी तरंगत राहा आणि बोटाएवढा निळसर मासा शोधा. तोंडापासून निघालेला काळा पट्टा शेपटीकडे रुंद होत जातो. हा क्लीनर रॅस.

त्याची जागा ठरलेली असते, बाकीचे मासे तिथे येतात. गोबऱ्यासारखा शिकारी मासासुद्धा येतो, जबडा उघडतो, कल्ले फाकवतो आणि स्तब्ध राहतो. रॅस सरळ तोंडात शिरतो आणि कल्ल्यातून बाहेर पडतो. गोबरा त्याला गिळत नाही, कारण रॅस त्याच्या अंगावरचे रक्तपिपासू परजीवी वेचून खातो. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ संशोधक अलेक्झांड्रा ग्रटर यांनी हिशेब मांडला, तेव्हा एक रॅस दिवसाला सरासरी १,२०० परजीवी खात असल्याचं दिसलं.

पण रॅसला खरं तर परजीवींपेक्षा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो, आणि तो माशाच्या संरक्षणासाठी असतो. लबाडीने त्याचा लचका तोडला की गिऱ्हाईक अंगाला झटका देतं. नीट पाहिलं तर हा झटका आपल्यालाही दिसतो. त्याच खडकावर राहणारा मासा चिडून रॅसच्या मागे लागतो. लांबून फिरत येणारे मासे पुढच्या वेळी दुसरा रॅस गाठतात. म्हणूनच दोन्ही गिऱ्हाइकं एकदम आली तर रॅस सहसा फिरत्या माशाला आधी घेतो, खडकावरचा रहिवासी ताटकळतो. जोडीने सफाई करताना मादीने असा लचका तोडून गिऱ्हाईक पळवून लावलं, तर नर तिच्यावर धावून जातो. एवढ्याशा मेंदूचा हा व्यवहार मला कुठल्याही कासवापेक्षा मोठा वाटतो.

लिझर्ड बेटाजवळच संशोधकांनी काही लहान खडकांवरचे रॅस साडेआठ वर्षं सतत काढून टाकले. तिथे माशांची संख्याही घटली आणि जातीही कमी झाल्या.

तरीही शोभेच्या मत्स्यालयांसाठी हा मासा सर्रास पकडला जातो. काचेच्या टाकीत त्याला पुरेशी गिऱ्हाइकं नसतात, आणि बरेच रॅस उपासमारीने मरतात. दुकानात दिसला तरी तो विकत घेऊ नका.