अमली पदार्थ खटल्यातील शिक्षेविरुद्ध अपील (नागपूर)

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (बोलीत ‘एनडीपीएस’) याखाली विशेष न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध कलम ३६-ब नुसार उच्च न्यायालयात अपील करता येते. विदर्भातील अकरा जिल्ह्यांची अशी अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या सिव्हिल लाइन्समधील नागपूर खंडपीठापुढे चालतात.

हावडा–मुंबई आणि चेन्नई–दिल्ली हे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथे रेल्वेत गांजा पकडला जाणे नवे नाही. गांजा २० किलोंच्या वर गेला की मात्रा ‘व्यावसायिक’ ठरते आणि शिक्षा किमान १०, कमाल २० वर्षे सश्रम कारावास, शिवाय १ ते २ लाख रुपये दंड. या किमान शिक्षेखाली उच्च न्यायालयालाही उतरता येत नाही. म्हातारे आईवडील, लहान मुले, पहिलाच गुन्हा हे सारे सांगून १० वर्षांची ८ होत नाहीत. दोषसिद्धीच हलवावी लागते.

म्हणून अपिलाचा सगळा जोर कागदांवर असतो. मुद्देमाल कुठे सील झाला, मालखान्यात कधी जमा झाला, कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढले का, पंच फितूर झाले का. समजा, पंचनाम्यात नमुन्याचे ‘अ-१’ पाकीट २५ ग्रॅमचे आहे आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात तेच ३१ ग्रॅम भरते. बचावाचा वकील तिथेच बोट ठेवणार. वजनाचा आणखी एक वाद म्हणजे कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने व बिया त्यात येत नाहीत. २१ किलोंच्या पोत्यात हा फरक निर्णायक ठरू शकतो. मात्र प्रत्येक तांत्रिक चूक सुटकेला पुरत नाही. कलम ५० चे संरक्षण, म्हणजे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती मागण्याचा हक्क, अंगझडतीपुरते आहे, बॅगेच्या झडतीला नाही. आणि ५२-अ चे पालन झाले नाही एवढ्यानेच खटला कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले.

अपिलाची मुदत ६० दिवस. उशीर सबळ कारण असल्यास माफ होतो. निकालपत्राची प्रत कैद्याला फुकट मिळते. वकील नसेल तर कारागृह अधीक्षकांमार्फत ‘जेल अपील’ पाठवता येते आणि विधी सेवा समितीकडून वकीलही मिळतो.

अपील सुनावणीला येण्यास वर्षे लागू शकतात. त्या काळात शिक्षेला स्थगिती मागता येते. कलम ३२-अ ने ही वाट बंद केली होती. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ती उघडली. पण व्यावसायिक मात्रेत कलम ३७ च्या कडक अटी आड येतात: आरोपी दोषी नाही आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, असे मानायला न्यायालयाला सबळ कारण दिसावे लागते. तुरुंगातील नेहमीची माफीही (शिक्षेच्या दिवसांतली सूट) या कैद्यांना नाही. कच्च्या कैदेतले दिवस तेवढे वजा होतात.

दंड न भरल्यास भोगायची जादा कैद मात्र किमान शिक्षेच्या बंधनात नाही. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी ३ वर्षांची कैद ६ महिन्यांवर आणली. दोषसिद्धी कायम राहिली तरी निदान हा मुद्दा मांडण्यासारखा असतो.