राजाला शब्द बदलता येत नाही

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. डावखुऱ्या मुलाला बळजबरीने उजव्या हाताने लिहायला लावू नका, नाहीतर ते तोतरं होतं; इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज असाच तोतरा झाला! खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. सल्ला चांगला आहे, जरूर पाळा. पण दिलेलं कारण शंभर वर्षं जुनं आहे आणि ते कधीच टिकलं नाही.

सहावा जॉर्ज म्हणजे आजीच्या डब्यातल्या जॉर्जछाप रुपयावरचा, मिशा-दाढी नसलेला तो. पाचवा जॉर्ज दाढीवाला, त्याचा हा दुसरा मुलगा. जन्म 1895 चा, घरातलं नाव बर्टी. तो डावखुरा होता, त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं आणि आठेक वर्षांचा असताना तो अडखळू लागला, हे सगळं खरं. 1920-30 च्या दशकांत अमेरिकेतल्या काही संशोधकांनी तर्क मांडला की हात बदलला की मेंदूचे दोन्ही अर्धगोल तोंडावरच्या ताब्यासाठी भांडतात. पण हात बदललेली असंख्य मुलं खणखणीत बोलतात आणि बहुतेक तोतऱ्या माणसांचा हात कुणीच बदललेला नसतो. मग तर्क मागे पडला. फॉरवर्डमध्ये मात्र तो अजून ठणठणीत आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. हजेरीला त्याचं नाव आलं की आम्ही सगळे मान वळवून बघायचो. 'हजर'मधला 'ह' निघायचाच नाही. ओठ उघडे, मानेची शीर ताठ, आवाज शून्य. काही महिन्यांनी त्याने युक्ती काढली, तो नुसतं 'आहे' म्हणू लागला. गुरुजींनी त्यावरूनही त्याला झापलं. आणि हाच मुलगा सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांच्या वरच्या पट्टीत, एकदाही न अडखळता गायचा. मला तेव्हा वाटायचं, हा सोंग करतो.

तो सोंग करत नव्हता. बोलताना मेंदू ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र, छाती अशा कितीतरी स्नायूंना एकामागून एक आदेश सोडतो. प्रत्येक आदेशाची एक झेरॉक्स ऐकण्याच्या केंद्राकडेही जाते: आता असा असा आवाज येणार आहे, तयार राहा. प्रत्यक्ष आवाज त्या अंदाजाशी जुळला की मेंदू त्याकडे फारसं लक्ष देत नाही. म्हणून तर आपल्याला स्वतःच्या बोलण्याने दचकायला होत नाही. ही जुळणी बिघडवून बघायची असेल तर सोपं आहे. स्वतःचाच आवाज कानात पाव सेकंदाहून किंचित कमी, म्हणजे साधारण 200 मिलिसेकंद उशिरा ऐकवला, की चांगला फर्डा वक्तासुद्धा शब्द ओढतो, अक्षरं दुमडतो. फोनवर आपलाच प्रतिध्वनी येऊ लागला की हा अनुभव आपण सगळेच घेतो.

दुसरा भाग ठेक्याचा. पुढचं अक्षर नेमकं कधी सोडायचं, हा इशारा मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाकडून वर, हालचालींची आखणी करणाऱ्या पट्ट्याकडे जातो. तोतरेपणात हा आतला ठेका कच्चा असतो, असं आज बऱ्याच संशोधकांचं मत आहे. आवाज काय काढायचा ते माणसाला पक्कं ठाऊक असतं, 'आता' हा इशारा मात्र वेळेवर मिळत नाही. ठेका बाहेरून मिळाला, म्हणजे टाळ, मेट्रोनोम, शेजारच्याचा आवाज, तर काम दुसऱ्या वाटेने होतं आणि गाडी सुरळीत चालते. आरतीत कुणी अडखळत नाही ते यामुळे. मेंदूच्या चित्रांत डाव्या बाजूच्या, बोलण्याशी संबंधित भागांना जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंतही फरक दिसलेत. 2010 साली काही तोतऱ्या माणसांत जीएनपीटीएबी या जनुकातले बदल सापडले. हे जनुक पेशीतल्या लायसोसोम नावाच्या कचराकुंडीकडे विकरं, म्हणजे एन्झाइम्स, पोचवण्याच्या कामातलं. कचराकुंडीचा बोलण्याशी काय संबंध? तेच बदल उंदरांत घातले तर त्यांच्या चिमण्या आवाजांमधल्या थांब्यांतही फरक पडतो. पुढे या उंदरांच्या मेंदूत डाव्या-उजव्या अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलामधल्या ताराकृती पेशींत दोष आढळला. इथे मी थांबतो, कारण हे सांगायला लागलो की घरातले लोक उठून जातात.

शंभरातली पाचेक मुलं दोन ते पाच वर्षांच्या वयात कधी ना कधी तोतरी बोलतात. मोठेपणी शंभरात एक उरतो, आणि त्यांत पुरुष कितीतरी जास्त. म्हणजे बहुतेक मुलं आपोआप सुधारतात. जिभेवर उगाळलेलं वेखंड, शंखातलं पाणी आणि 'एकवीस दिवसांत तोतरेपणा गायब'वाल्या जाहिराती जगतात त्या याच आपोआपवर. बोबडं आणि तोतरं यांतला फरकही त्यांच्या गावी नसतो. भीतीने तोतरेपणा जन्माला येत नाही, असलेला मात्र वाढतो.

आता राजाकडे येऊ. 31 ऑक्टोबर 1925 ला, तेव्हा ड्यूक असलेल्या बर्टीने वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनाचा समारोप केला. लाउडस्पीकर लावलेले, समोर प्रचंड गर्दी. भाषण लांबलांब मुक्या थांब्यांनी फाटून गेलं. एक हिशेब मला खुणावतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 68 मीटरवरच्या कर्ण्याचा आवाज कानावर परत यायला बरोबर 200 मिलिसेकंद. मोकळ्या मैदानात कर्णे त्याच्याशी हा खेळ खेळले असतील का? हा माझा तर्क, पुरावा नाही.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1926 मध्ये, तो लायोनेल लोगकडे गेला. लोग ऑस्ट्रेलियन, लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर बसणारा, पण डॉक्टर नव्हे. पहिल्या महायुद्धात वाचा गमावलेल्या सैनिकांना त्याने बोलतं केलं होतं. श्वासाचे व्यायाम, उघड्या खिडकीशी मोठ्याने स्वर, आणि रोजचा सराव. चौदा महिन्यांत ऐंशीहून जास्त भेटी झाल्या.

आणि इथे राज्यघटना मधे येते. ब्रिटिश राजाच्या हाती सत्ता उरलेली नाही. मंत्र्यांनी त्याचा सल्ला विचारावा, त्याने हुरूप द्यावा, फार तर इशारा द्यावा. उरलेलं काम बोलण्याचं, तेही दुसऱ्यांनी लिहिलेलं. 26 ऑक्टोबर 1937 ला सहाव्या जॉर्जने पहिल्यांदा संसदेचं उद्घाटन केलं, तेव्हा 'माझं सरकार' काय करणार ते त्याने वाचलं. लिहिलं होतं सरकारनेच. थोरला भाऊ आठवा एडवर्ड बोलण्यात तरबेज. डिसेंबर 1936 मध्ये, तो राजा असताना, घटस्फोटित बाईशी लग्न करण्याचं त्याचं प्रकरण पेटलं तेव्हा त्याला रेडिओवरून थेट जनतेशी बोलायचं होतं. पंतप्रधान बाल्डविनने नाही म्हटलं: मंत्र्यांच्या सल्ल्याविरुद्ध राजाने बोलायचं नाही. ज्याची जीभ चालत होती तो गप्प राहिला, पायउतार झाल्यावरच माइकसमोर आला, आणि गादी अडखळणाऱ्याकडे गेली.

तोतऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे शब्द बदलणं. 'हजर' अडला की 'आहे'. म्हणूनच स्वतःचं नाव सांगणं सगळ्यात अवघड, त्याला पर्यायी शब्द नाही. सरकारी मसुदा वाचणाऱ्या राजाचं प्रत्येक वाक्य म्हणजे तीच हजेरी. लोगने यातून फट काढली. मसुदा आधी मागवून अडचणीचे शब्द जमेल तिथे बदलून घ्यायचे आणि कुठे थांबायचं तिथे पेन्सिलीने रेघा मारायच्या. 3 सप्टेंबर 1939 च्या संध्याकाळी, युद्ध जाहीर झाल्यावर, राजा उंच केलेल्या टेबलाशी उभा राहून माइकवर बोलला. लोग शेजारी उभा. सुमारे चारशे शब्दांना पाच मिनिटांहून जास्त लागली, बातम्या वाचणाऱ्याच्या निम्मा वेग. ऐकणाऱ्यांना ते गांभीर्य वाटलं. बरेच थांबे आधीच आखलेले होते.

युद्धातल्याच एका भाषणानंतर लोगने विचारलं, 'वेपन्स'च्या 'डब्ल्यू'वर का अडलात? राजा म्हणाला, मुद्दामच. एकदाही अडलो नाही तर लोकांना कळायचंच नाही की मीच बोलतोय.